पोळ्याची झोप

पोळ्याच्या दिवशी कोरीटमध्ये कुणी मोट जुंपत नाही. लोटनची बैलजोडी निंबाखाली निवांत रवंथ करत होती. आदल्या संध्याकाळीच तिचे खांदे तुपाहळदीनं चोळून झाले होते. शेजारी बाजेवर लोटन मात्र कूस बदलत पडला होता. पावसानं ताण दिला, तेव्हापासून मिरचीसाठी मोट हाकून हाकून त्याची झोपच उडाली होती. "अंगाला आराम दे, नाहीतर दिवाळी दिसायची नाही," असं वैद्यानं बजावलं होतं.

डोळा लागतो न लागतो तोच विहिरीवरचं चाक कुरकुरलं.

"मोट चाली ऱ्हायनी," तो बायकोला म्हणाला.

"बैल तं आठेच बांधेल शेतस," छबूबाई निंबाखालच्या जोडीकडे बोट दाखवत म्हणाली. "आज त्यासले सुट्टी, तुमले बी सुट्टी. निजा."

ती पुरण वाटायला आत गेली. कुरकुर थांबेना, तसा लोटन उठून विहिरीवर गेला.

चाक जागच्या जागी होतं. मोटेचा नाडा सोडून ठेवलेला होता. कुरकुर मात्र चालूच होती, आणि इथं ती फार जवळून येत होती.

तो मागं वळला. बाजेवर कुणीतरी त्याचंच पागोटं डोळ्यांवर ओढून झोपलं होतं. छबूबाई त्याचे पाय चेपत होती.

"आज कशी गाढ झोप लागनी तुमले," ती समाधानानं म्हणाली.

लोटननं तिला हाक मारली. घशातून चाकाची कुरकुर निघाली.

बैल धडपडत उभे राहिले. छबूबाईनं मान वर केली नाही. झोपमोड होऊ नये म्हणून तिनं निजलेल्याच्या कानांवर अलगद हात ठेवले.