दिसायला छान

"हिच्यात हरीण आहे," नरसिंगराव म्हणाले. "मला ही पसंत आहे."

भव्यानं दुसरा पेनड्राइव्ह लावला होता आणि लॅपटॉपच्या पडद्यावर धुक्यात एक हरीण उभं होतं. नरसिंगराव खालच्या मजल्यावरचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण वर सिस्टीमची निवड चालू आहे असं कळल्यावर ते आपली कॉफी घेऊन आले होते.

"पहिलीत फुलपाखरू होतं," गोदूबाई म्हणाल्या. "ते जास्त घरगुती वाटत होतं."

लॅपटॉप ज्यांचा, ते गोदूबाईंचे थोरले भाऊ उपेंद्र अण्णा खुर्चीत बसून होते. अण्णांना जन्मापासून दिसत नाही. ही गोष्ट दोघांनाही चांगली ठाऊक होती, पण चित्रांच्या नादात ती जरा मागं पडली होती.

लॅपटॉप अकरा वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी त्याची डिस्क गेली. नवी बसवली, तर ज्या सिस्टीमवर तो इतकी वर्षं चालला तिची नवी आवृत्ती म्हणाली, एवढं जुनं मशीन आम्ही घेत नाही. म्हणून गोदूबाईंची मुलगी भव्या आज सर्जापूर रोडवरच्या आपल्या घरून इकडे बनशंकरीला आली होती आणि फुकट मिळणाऱ्या लिनक्स सिस्टीम एकेक करून लावून बघत होती. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघायची, पटली तर ठेवायची. अट एकच: सिस्टीमनं ह्या लॅपटॉपचं साउंड कार्ड ओळखलं पाहिजे. आवाज आला, तर ती पडद्यावरचं सगळं अण्णांना वाचून दाखवणार. नाही आला, तर हरीण आहेच.

अण्णांचा फोन बटणांचा, त्यामुळे त्यांची मेल भव्यानं तात्पुरती अम्माच्या, म्हणजे गोदूबाईंच्या, फोनवर लावून दिली होती. गोदूबाई ती बाल्कनीत उभ्या राहून वाचत, कारण रेंज तिथंच. आणि मोठ्यानं वाचत, कारण अण्णा आत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अण्णांच्या शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या भाग्यलक्ष्मी म्हैसूरहून त्यांना लिहायच्या. खाली सगळं ऐकू जायचं; परवाच नरसिंगरावांनी भाग्यलक्ष्मींच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली आणून दिली. नरसिंगरावांनी भाग्यलक्ष्मींना कधी पाहिलेलं नाही.

डिस्क जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी भाग्यलक्ष्मींना काहीतरी विचारलं होतं. काल त्याचं उत्तर आलं.

"वाचू का?" गोदूबाईंनी विचारलं.

"राहू दे. मशीन वाचेल."

ती मेल न उघडता रात्र काढणं, हा गोदूबाईंनी आयुष्यात केलेला सर्वांत कडक उपास होता.

भव्यानं हरणाच्या मागची आवाजाची सेटिंग उघडली. तिथं लिहिलं होतं, डमी आउटपुट.

"म्हणजे काय गं?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे स्पीकर आहे असं समजायचं, मामा."

"असं समजून तीन आठवडे झाले."

तिनं हरीण काढलं आणि तिसरा पेनड्राइव्ह लावला. "हा शेवटचा. चालणाऱ्या मशीनच्या यादीत तुमचं मॉडेल नाही. ह्याच्या आधीचं आहे, नंतरचं आहे."

"मधलं नेमकं मीच घेतलं होतं."

पडद्यावर बर्फाचे डोंगर आले. गोदूबाईंनी फुलपाखरावरचं मत मागं घेतलं. भव्यानं वाचणारा आवाज सुरू करायची तीन बटणं एकदम दाबली. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबली. तेवढ्यात नरसिंगरावांना अण्णांची दया आली आणि ते त्यांना बर्फाचा रंग समजावून सांगायला लागले. "एकदम पांढरा नाही हं अण्णा, स्वल्प निळसर..."

"नरसिंगराव, गप्प बसा."

अण्णांनी मान तिरकी केली होती. स्पीकरच्या आत काहीतरी टच्‌ झालं होतं. बाकी कुणाला ऐकू आलं नव्हतं. पण बाकी कुणी चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलं नव्हतं.

"लाइन आली," अण्णा म्हणाले.

"स्क्रीन रीडर ऑन," लॅपटॉप म्हणाला.

"हां, हां," नरसिंगरावांनी त्याला अदबीनं उत्तर दिलं. भव्या होती तिथंच फरशीवर बसली.

मराठी आवाज निवडल्यावर तो सर्दी झालेल्या हवालदारासारखा बोलायला लागला. अण्णांनी त्याच्याकडून घड्याळ, तारीख आणि बॅटरी वाचून घेतली. मग वाय-फाय लागतंय का ते बघायला सांगितलं. लागलं.

"मग ही डोंगरवाली बसवू, मामा?"

"डोंगर आहेत होय," अण्णा म्हणाले. "बसव."

अर्ध्या तासानं सिस्टीम बसली. अण्णांनी बोटांनी चाचपून इअरफोनची पिन लॅपटॉपला लावली.

"आता अम्माच्या फोनवरची माझी मेल काढून टाक."

"काढ बाई," गोदूबाईंनी फोन पुढं केला. "मला तरी कुठं हौस होती."

"आणि पडद्याचा उजेड पूर्ण बंद कर. उगाच बॅटरी खातो."

भव्यानं बटण दाबत उजेड शून्यावर आणला. डोंगर विझले. अण्णांनी इअरफोन कानात घातले, भाग्यलक्ष्मींची मेल उघडली आणि हवालदार फक्त त्यांच्याच कानात बोलायला लागला. ते ऐकत राहिले. मध्ये थांबले, एक बटण दाबून मागं गेले, तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं. त्यांचे कान लाल झाले.

गोदूबाई त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकल्या. काळ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, पलीकडच्या बाजूनं वाकलेल्या नरसिंगरावांचा दिसला, आणि मधोमध एकटेच हसत बसलेले अण्णा.