मोहावरचा वारा

"रोज तिथीच लपते न् तिथीच निंगते," डोमाभाऊ म्हणाले. "लय शहाणा फुगा आहे तुमचा, मॅडम."

दिव्यानी हसली, पण दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. वारा मोजायचा फुगा सोडून बारा मिनिटं झाली होती आणि गेली पाच मिनिटं तो पूर्वेकडच्या मोहाच्या झाडाआड होता. तिनं नळी हळूहळू वर नेली. मिनिटभरात शेंड्याच्या वर पांढरा ठिपका सापडला. रस्त्यावरून चामोर्शीची सातची एसटी गेली.

तिनं कोन सांगितला, डोमाभाऊंनी वहीत उतरवला.

फुगे फुगवायला गावातून आलेल्या या म्हाताऱ्याकडे घड्याळ नव्हतं, तरी अंधारात तो अगदी वेळेवर हजर असे. कसं, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मोहाच्या शेंड्यावर शुक्राची चांदणी आली का घरून निंगतो. घड्याळ कायले पायजे?"

तिनं चार दिवस मोबाइलवर ताडून पाहिलं. फरक पाच मिनिटांच्या आतला. तिला गंमत वाटली, म्हणून तीही नोंद तिनं वहीत केली.

खरं कुतूहल मात्र वाऱ्याचं होतं. हिवाळ्यात खूप उंचावर पश्चिमेचा वारा सुसाट असतो. फुगा त्यात सापडला की पूर्वेला ओढला जाऊन क्षितिजाकडे झुकायला हवा. हा झुकतच नव्हता. मोहाच्या वर गेला की एका लयीत सरकायचा, मिनिटाला जवळजवळ पाव अंश. आज चौथा दिवस, आणि तेच. इतका शांत, इतका एकसारखा वारा तिनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

नागपूरच्या हवामान विभागातल्या सरांनी बजावलं होतं, नवीन काही हाती लागलं नाही तर शनिवारी सामान बांधून परत या. साडेसातला तिनं चार दिवसांचे आकडे पाठवले. खाली लिहिलं, 'सर, इथे वेगळाच वारा आहे.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'अभिनंदन. मुक्काम वाढवा. दुपारी विभागात सगळ्यांना दाखवतो.'

तिनं ते मोठ्यानं वाचलं. डोमाभाऊंनी मान डोलावली आणि चुलीवर चहा ठेवला.

तेवढ्यात धानाच्या बांधावरून गुणवंतराव येताना दिसले. त्यांचं वावर मोहाच्या पलीकडे. हातात फाटक्या रबराचं लोंबतं चिरगुट होतं.

"हे तुमचंच ना? सातची एसटी गेली तवा माह्या तुरीत पडलं."

रबराला चिठ्ठी बांधलेली होती. तिच्याच अक्षरात, आजची तारीख, फुगा क्रमांक चार.

दिव्यानीनं दुर्बिणीला डोळा लावला. पांढरा ठिपका जागेवर होता, थोडासा पुढे सरकलेला.

ती सरळ उभी राहिली आणि नळी कुठे रोखली आहे ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मोहाच्या वर, डोमाभाऊंच्या घड्याळाकडे.