ऐन भरातली तान

"काका, गजाला राळ लावू नका, तारा वाजायला नकोत. आवाज रेकॉर्डिंगचाच आहे, तुम्ही नुसती बोटं फिरवा," मालिकेच्या दिग्दर्शकानं बजावलं. कितीतरी महिन्यांनी काम मिळालेल्या व्हायोलिनवाल्यानं राळेची डबी परत पेटीत ठेवली.

रेकॉर्डिंग वाजू लागलं. वरच्या सुराआधी वाजवणाऱ्यानं घेतलेला ओझरता श्वास ऐकला आणि त्यानं ओळखलं. हे तर त्याचंच वाजवणं, ऐन भरातलं. त्या तानेमागे त्याची आखडलेली बोटं जीव तोडून धावली, तरी मागेच पडली.

"कट," दिग्दर्शक वैतागला. "काही मेळच बसत नाहीये. ज्यानं हे वाजवलंय, त्यालाच बोलवायला हवं होतं."

"तो आता कुठला वाजवतोय, साहेब," व्हायोलिनवाला घाईघाईनं म्हणाला. "मलाच राहू द्या."