जन्मतारखेचा रकाना

पवनीच्या आरोग्य शिबिरात अतुलच्या सॉफ्टवेअरने पार्वताबाईंचा अर्ज दोनदा परत पाठवला. जन्मतारखेच्या रकान्यात त्याला तारीखच हवी, आणि आजींचं एकच म्हणणं, "गावातल्या तलावाची पाळ फुटली, त्या सालची मी."

शेवटी अतुलने कोतवालाला पाळ फुटल्याचं साल विचारलं आणि डेटाबेसच्या कोडमध्ये त्या रकान्यासाठी माहितीचा स्वतःचा नवाच प्रकार लिहिला. आता 'पाळ फुटली' टाइप केलं की आत साल जमा होणार, आणि पडद्यावर परत येताना त्या सालाचे पुन्हा आजींचेच शब्द होणार. अर्ज एका झटक्यात पुढे सरकला.

"आमच्यासारखी तारीख पाठ असती, तर एवढा खटाटोप कायले लागला असता, आजी?" तो ऐटीत म्हणाला.

आजींनी त्याच्या लॅपटॉपवरच्या चिमुरडीच्या फोटोकडे बोट दाखवलं. "हे तुयी पोरगी काय, बाबू? कोन्या तारखेले झाली?"

अतुल डोकं खाजवायला लागला.



"ते... आमचा सर्व्हर बंद पडला होता नं आजी, त्याच्या दुसऱ्या दिवशी."