अमावास्येचं पाणी

“पाणीच घालायचं नाही? मग ती बॅटरी कसली!” नाकात ऑक्सिजनची नळी, तरी माझ्या सासऱ्यांचा आवाज खणखणीत.

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीत दर अमावास्येला ते स्वतःच पाणी घालायचे. एकदा डिस्टिल्ड वॉटर संपलं, तर फिल्टरचं पिण्याचं पाणी ओतलं. म्हणे, “शुद्धच आहे की!” महिन्याभरात बॅटरी बसली. आमच्याकडे मंगळवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. त्या मंगळवारी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं आणि सिलिंडर येईपर्यंत मी त्यांचे निळे पडत चाललेले ओठ बघत बसले.

नवी बॅटरी घेताना मी आधी दुकानात गेलेच नाही. दातांचा दवाखाना, फोटो स्टुडिओ, झेरॉक्सवाला, सगळ्यांना एकच विचारलं, “बॅटरीत शेवटचं पाणी कधी घातलंत?” कुणी तारीख सांगितली, कुणी कपाळाला हात लावला. झेरॉक्सवाला मात्र म्हणाला, “हिला पाणी लागतच नाही, वहिनी. पाच वर्षं झाली, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

मी तसलीच आणली.

आज मंगळवार. सासरे सकाळपासून डिस्टिल्ड वॉटरची बाटली मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसले, आणि दहाच्या आत घोरू लागले. दहाला लाईट गेली. मशीन चालूच राहिलं. एकला लाईट आली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

“काय गं, आज लाईट गेली नाही वाटतं?”

“गेली होती, अण्णा. चांगले तीन तास.”

ते मशीनकडे बघत राहिले. मग त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली.

“ही घे. तुझ्या त्या वाफेच्या इस्त्रीत घाल.”