नाही, नाय

प्रितेशला जाऊन महिना झाला, तरी वाढदिवसाला त्याच्या खात्यावर शुभेच्छा पडतच होत्या. शेवटी दुपारी ओवे गावातल्या घरात सासूशेजारी बसून मनिषाने नवऱ्याचं खातं उघडलं आणि लिहिलं, ‘प्रितेश आता आपल्यात नाही.’

“लिवलंस?” गोदूबाईंनी विचारलं.

“हो, आई.”

चहा घेऊन ती परत आली, तर पोस्टमध्ये ‘नाही’च्या जागी ‘नाय’ होतं.

“‘नाही’ कसलं, ‘नाय’ बोल!” म्हणत प्रितेश पनवेल शहरात वाढलेल्या बायकोला रोज चिडवायचा.

“आई, फोनला हात लावलात?”

“मना कुटं लिवता येतं?”

मनिषाने पासवर्ड बदलला, पुन्हा ‘नाही’ केलं आणि फोन दोघींच्या मधोमध ठेवला. नजर हलवली नाही. तिच्या डोळ्यांदेखत ‘नाही’चं ‘नाय’ झालं. मग तेही पुसलं गेलं, आणि त्या जागी एकेक अक्षर उमटलं.

‘प्रितेश आता आपल्यात हाय.’

ती ओरडणार, तोच गोदूबाई दाराकडे बघून हसल्या.

“मनिषा, अजून येक कप भर गं.”