ताठ खुर्ची

विमानात सगळ्यात शेवटी चढलेल्या त्या माणसाने फानेला पाहिलं आणि डोक्यावरची लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली. डोळ्यांवर काळा चष्मा होताच. आपली जागा तिच्या बरोबर पुढे आहे हे कळल्यावर तो थबकला. हवाईसुंदरीच्या कानाशी लागून त्याने काहीतरी विचारलं. तिने एकदा फानेकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दुसरी जागा नाही हो. मेलबर्नहून आलेले सगळे याच विमानात आहेत. टोंगापर्यंत विमान गच्च भरलंय."

तो कमरेला हात लावून हळूच खाली बसला. फानेने मांडीवरची चटईची गुंडाळी छातीशी घेतली.

"बघितलंस?" शेजारची कालो कुजबुजली. दोघी ऑकलंडच्या एकाच चर्चमध्ये गायच्या. कालोच्या नजरेतून कुणाचं काही सुटत नसे. "तुला बघून जागा बदलून मागतोय. चोराच्या मनात चांदणं."

"चटईवर डोळा असेल," फाने म्हणाली.

चटई तिच्या आईने विणलेली होती. वापरून वापरून लुगड्यासारखी मऊ झालेली; टोंगात अशी चटई जितकी जुनी तितकी मोलाची. उद्या गावी फानेच्या भाचीचं, लुपेचं लग्न होतं. तिकडच्या लग्नात नवरी आत्याच्या मांडीवर बसते. भावाच्या घरी आत्याहून मोठं कुणी नसतं. पण फानेला फोन आला होता तो लुपेचा. भावाचा, सोसायाचा, आला नव्हता.

"आत्या, तू ये तर खरी. बाबांचं मी बघते," लुपे म्हणाली होती.

ते 'बघते' फानेला खटकत होतं. सोसायाने दुसऱ्याच कुणा बाईला त्या जागी बसवायचं ठरवलं असेल तर? सगळ्या गावासमोर रिकामी मांडी घेऊन बसावं लागलं तर?

त्याचा काही भरवसा राहिला नव्हता. लहानपणी ती घरात आली की तो पडल्या जागेवरून उठून बाहेर जायचा. तिकडचे सगळेच भाऊ बहिणीचा असा मान ठेवतात, पण सोसाया जरा जास्तच ठेवायचा. आणि तोच सोसाया आईला माती दिली त्या दिवशी, चारचौघांत, तिच्या अंगावर ओरडला होता. मग तो मेलबर्नला निघून गेला. वर्षं लोटली. एक शब्द नाही.

विमान वर गेलं आणि पट्ट्याचे दिवे विझले. पुढच्या खुर्च्या एकेक करून मागे कलू लागल्या. कालोच्या पुढचा दांडगा तरुण तर जवळजवळ आडवाच झाला.

"आला हा माझ्या मांडीवर," कालो म्हणाली. "आता याच्या उवा काढत बसू की काय?"

"काढा ना मावशी," पुढून डोळे न उघडताच उत्तर आलं. "आईने सोडून दिलंय आता."

"आईला अक्कल आहे."

फानेच्या पुढची खुर्ची मात्र ताठ राहिली. जेवण येऊन गेलं. त्या माणसाने डबा उघडलासुद्धा नाही. तो मधूनच इकडून तिकडे सरकायचा, दातांतून श्वास सोडायचा आणि पुन्हा खांबासारखा बसायचा.

"हा झोपत का नाही?" कालो म्हणाली. "पाळत ठेवतोय तुझ्यावर."

"त्याला पाठीला डोळे आहेत का?"

"मग काळा चष्मा कशाला घातलाय?"

फाने खुर्च्यांच्या फटीतून वाकून पाहू लागली. मानेवर पांढरे केस दिसले. शर्टाखाली कमरेभोवती काहीतरी जाड बांधलेलं होतं. तिने झटकन मान मागे घेतली आणि डोक्यावरची घंटी दाबली. हवाईसुंदरी आल्यावर तिने नुसतं पुढे बोट दाखवलं.

हवाईसुंदरी त्या माणसाकडे वाकली. "काही त्रास होतोय का तुम्हाला?"

"कमरेचा पट्टा आहे. मणका धरतो."

"मग असे ताठ कशाला बसलात? खुर्ची मागे घ्या. मागच्या बाई काही म्हणणार नाहीत. थांबा, मी विचारते त्यांना."

"नको," तो घाईने म्हणाला. "त्यांना काही विचारू नका. त्यांच्यासमोर मला आडवं होता येत नाही."

फानेचा चटईवरचा हात थांबला. हा आवाज तिने शेवटचा ऐकला तेव्हा तो खूप चढलेला होता.

"का बरं?" कालो कुजबुजली. "तू काय राणी लागून गेलीस?"

फानेने खुर्चीचा पट्टा सोडला. "ऊठ, कालो. तू माझ्या जागेवर ये."

"आणि तिथे बसून करू काय?"

"त्याचं डोकं मांडीवर घे."

"एक झालं, आता दुसरं. माझ्या नशिबी डोकीच लिहिलीत," असं पुटपुटत कालो उठली. फाने चटई घेऊन त्या दांडग्या तरुणाच्या मागे, अवघडून बसली. पुढे न पाहता, पण पुढे ऐकू जाईल अशा बेताने ती कालोला म्हणाली, "सांग त्याला, आता टेक. उद्या दिवसभर त्याला उभं राहायचंय."

 मग टोपी निघाली. चष्मा निघाला. खुर्ची हळूहळू मागे कलत कालोच्या गुडघ्यांना टेकली. आडव्या झालेल्या माणसाने डोळे मिटूनच कालोला हाक मारली.

"बाई, माझ्या बहिणीला सांगा, लुपे आता चांगलीच भरलीय. उद्या मांडी सांभाळ म्हणावं."